दुपारी बाराची चढण

गल्लीत त्याला सगळे पारा मिस्त्री म्हणायचे. गाडी कसलीही येवो, हा पठ्ठ्या आधी खिशातून थर्मामीटर काढणार, हवा मोजणार आणि मगच बॉनेट उघडणार. "गार हवा दाट असते हो! इंजिनानं एक घोट घेतला की पोट भरलं. गरम हवा पातळ, कितीही प्या, ताकद येत नाही." बिचारं गिऱ्हाईक गाडी दुरुस्त करायला यायचं आणि प्रवचन ऐकून जायचं.

शेजारच्या गाळ्यात त्याची बायको कपड्यांना इस्त्री करायची. तिला या प्रवचनांचा वीट आला होता, आणि त्याच्या जुन्यापुराण्या गाडीचा तर त्याहून जास्त. लग्नाच्या दिवशी, भर दुपारी, हीच गाडी टेकडीच्या चढावर बंद पडली होती आणि नव्या कोऱ्या कपड्यांत नवरीनं ती ढकलली होती. त्यानंतर सव्वीस वर्षं ती गाडीत बसली नाही. नाही म्हणजे नाही!

आणि एके दिवशी बाईसाहेबांनी निकाल दिला. "शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय. त्याआधी मला त्या चढावरून वर नेऊन दाखवा. पोचलो तर ठेवा तुमची लाडकी. बंद पडली तर तिथूनच भंगारात."

"पहाटे निघू, हवा गार असते," मिस्त्री लगेच म्हणाला.

"दुपारी बारा," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी जी वेळ होती तीच."

बाराचं ऊन मिस्त्रीला नको होतं, पण त्याहून मोठा आनंद त्याच्या डोक्यात शिरला. बायको गाडीत बसणार! तीन दिवस गिऱ्हाईकं हाकलून त्यानं गाडी नटवली. सीट धुतल्या, आरसा पुसून पुसून झिजवला. पेट्रोलची वाकडीतिकडी नळी त्याला ओंगळ दिसली, म्हणून त्यानं चकचकीत तांब्याची नळी बसवली, अगदी सरळ, धूर जाणाऱ्या तापलेल्या पाइपाला चिकटून. जगाला उष्णता शिकवणारा हा शहाणा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शनिवारी गाडी निघाली ती मिस्त्रीच्या शिट्टीसकट. अर्धा चढ झाला आणि इंजिन आचके देऊ लागलं. दोन, तीन, आणि गप्प. जागासुद्धा तीच!

मिस्त्रीचा चेहरा पडला. थर्मामीटर काढून तो पुटपुटला, "एकेचाळीस. हवा फार पातळ झालीय गं आज."

"हवेला कशाला दोष देता? पेट्रोल उकळलंय नळीत," बायको खाली उतरत म्हणाली. "वाफ झाली की पंपाला ओढता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात टॅक्सीवाल्याला तुम्हीच सांगत होता. दोनदा."

"तू ऐकत होतीस?"

"भिंत पत्र्याची आहे. न ऐकून जाते कुठे?"

पिशवीतून तिनं इस्त्रीचा ओला फडका काढला आणि हात न भाजता नळीवर आणि पंपावर सफाईनं गुंडाळला. मिस्त्री आ वासून बघत राहिला. मग त्याच्या टाळक्यात प्रकाश पडला.

"अगं, फडका घरूनच भिजवून आणलास?"

"नळी बसवलीत तेव्हाच बघितली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर भुर्रकन वर पोचलो असतो." ती रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली. "त्या दिवशी इथं तासभर अडकलो होतो. तुम्ही इंजिनाशी बोलत होता. माझ्याशी एक अक्षर नाही. आता नळी गार होईपर्यंत बोला. इंजिनाचं नाव काढायचं नाही."

सगळ्या गल्लीला बोलून बेजार करणारा माणूस गोरामोरा झाला. त्यानं थर्मामीटर खिशात टाकला आणि तिच्याशेजारी बसला. "त्या दिवशी तू फार छान दिसत होतीस," तो म्हणाला. "म्हणूनच बॉनेटमधून डोकं वर काढायचा धीर होईना." ती इतकी हसली की खालून येणारा सायकलवाला वळून बघू लागला. मग दोघं बोलतच सुटले.

फडका वाळून कडक झाला तेव्हा भंगारवाल्याचा फोन आला.

"नाही, वर पोचलो नाही अजून," ती म्हणाली. "पण गाडी विकायची नाही."