चपलेची टाच

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकतो. मी सीमेवर असताना आईने सप्तशृंगीला नवस बोलला होता, की पोरगा जिवंत परत आला तर त्याला स्वतःच्या पायांनी गड चढायला लावीन. देवीने तिचा शब्द तंतोतंत पाळला. मी जिवंत आलो, उजवा पाय तेवढा गुडघ्याखालून सुरुंगात गेला. आता या म्हणे पायऱ्या चढून! याला थट्टा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पुण्याच्या इस्पितळात कृत्रिम पाय बसवला. तिथे सिन्नरकडचे एक निवृत्त नाईक यायचे. स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. खाटेखाटेशी बसून ते जखमी जवानांना बोलतं करायचे, उठून चालायला लावायचे. सगळे त्यांना दादा म्हणत. मी मात्र भिंतीकडे तोंड फिरवायचो, मग ते माझ्या आईशीच बोलत बसायचे.

दिंडोरीजवळच्या आमच्या घरी परतलो तेव्हा निम्मा गाव अंगणात जमला होता. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. जन्माची सवय, उंबऱ्याशी बूट काढले. तो पाय बुटाच्या टाचेच्या उंचीने बसवलेला. बूट निघताच टाच खाली गेली आणि मी सगळ्या गावासमोर उताणा पडलो. कुणीतरी हसलंही. त्याच दिवशी पाय खाटेखाली गेला आणि मी कुबड्या धरल्या. कुणी भेटायला आलं की खोलीला आतून कडी लावून घ्यायचो. आईने गडाचं नाव पुन्हा काढलं नाही. दोन वर्षांनी ती साध्या तापाने गेली.

तिच्या वर्षश्राद्धानंतर एका सकाळी दार वाजलं. उघडायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. समोर पांढरी काठी घेऊन दादा उभे.

"गडावर नवस फेडायचा हाय. पायरी-पायरीला हळद-कुंकू लावायचंय. मला पायरीची कड दिसत नाय. तू चल, पाय घालून चल."

आंधळ्या माणसाला नाही कसं म्हणणार? चरफडतच एसटीत बसलो. पायथ्याशी लोक चपला काढत होते. ते पाहून मी पहिल्या पायरीवर बसकण मारली आणि अंगणात पडल्याची गोष्ट त्यांना सांगितली. दादांनी माझा बूट काढून पावलाखाली बोटं फिरवली. मग स्वतःची रबरी चप्पल धुऊन घेतली, नारळवाल्याच्या कोयत्याने तिची टाच कापून घेतली आणि माझ्या मोज्यात सरकवली.

"देवळात चप्पल नेऊ?" मी चिडून विचारलं.

"चप्पल कुठं राहिली ती? आता तुझी टाच हाय."

मी उभा राहिलो. पडलो नाही. दादा वाकून पायरी चाचपत, मी "डावीकडे, अजून थोडं" सांगत असे आणि ते बोट टेकवत. प्रत्येक पायरीला थांबावं लागे, म्हणूनच मला चढता आलं. वर पोचेपर्यंत कृत्रिम पायाच्या आत कातडी सोलून निघाली होती. देवीला ऐकवायच्या शिव्या मी तीन वर्षं जपून ठेवल्या होत्या. समोर गेल्यावर नुसतं रडू आलं.

बाहेर येताच दादांनी उरलेलं कुंकू माझ्या हातावर ठेवलं. "नवस तुझ्या आईचा व्हता. ती म्हणलेली, माझं पोरगं एकटं चढायचं नाय, तुम्ही न्या."

माझं डोकं फिरलं. "मग ती असताना का नाही आलात?"

"आलतो की. दोनदा. तू कडी काढली नाय."

इतकी वर्षं मी देवीला नावं ठेवत होतो, आणि तिने पाठवलेला माणूस दोनदा माझ्या उंबऱ्यावरून परत गेला होता. दोन्ही वेळा आईने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असणार.

आता मीही जखमी जवानांच्या घरी जातो. खिशात रबराची टाच असते. पुष्कळदा आतून कडी लागलेली असते. मी रागावत नाही, पायरीवर बसून राहतो. कृपा केल्याबद्दल देवीचे आभार रोज मानतो. आईची क्षमा मागायची मात्र राहून गेली. जवानाच्या घरातली म्हातारी चहा घेऊन बाहेर आली, की मान वर करून तिच्याकडे बघवत नाही.