आधी बंद कर

निंबा पाटलांनी सुरतेत तीस वर्षं माग चालवले आणि पोरीला एकच गोष्ट शिकवली: "आवाज बदलना का आधी मशीन बंद करानं, मंग देखानं." धोट्याची एक खट चुकली, की गप्पांच्या भरातही त्यांचा हात हँडलवर जायचा.

उज्ज्वला त्याच कानाची निघाली. पण ती नोकरीला लागली सहाशे सर्व्हरांच्या एका थंडगार खोलीत. अकरा दवाखान्यांचे एक्स-रे नि स्कॅन तिथं साठवलेले. लाल दिवा लागला की जागं व्हायचं, ही तिथली रीत. उज्ज्वलाला दिव्याआधीच चाहूल लागायची.

तिसऱ्या रांगेतलं डिस्कांचं एक जुनं कपाट तिला पंधरा दिवस खुपत होतं. फोटो मागितला, की द्यायला ते रोज जरा जास्त वेळ घेई. त्याची दुसरी नक्कलही महिनाभर नीट उतरत नव्हती, आणि जुनी नक्कल तेव्हाच पुसली गेली होती. तिनं साहेबांना तीनदा सांगितलं. उत्तर ठरलेलं, "चाले छे ने? तो वांधो नथी." या लोकांना वांधा दिसेपर्यंत तो नसतोच मुळी.

त्याच कपाटात तिच्या आईचे, मंगलाबाईंचे, तीन वर्षांचे स्कॅन होते. फुफ्फुसावरचा डाग वाढलाय की तसाच आहे, हे डॉक्टर सोमवारी जुन्या स्कॅनशी ताडून सांगणार होते. आईवडिलांच्या डिंडोलीच्या घरातल्या फिल्मा गेल्या वर्षी खाडीचं पाणी शिरलं तेव्हाच गेल्या.

गुरुवारी दुपारी त्या कपाटाजवळून जाताना ती थबकली. पंख्यांच्या घोंघाटात बारीक टकटक येत होती. साहेब जेवायला गेलेले, फोन उचलेनात. मग हाताला लहानपणापासून जे ठाऊक होतं, तेच हातानं केलं. कपाटाचं बटण बंद केलं.

टकटक थांबली. अर्धं मिनिट तिला हायसं वाटलं.

पुन्हा चालू केलं, तर बारातल्या चार डिस्क फिरल्याच नाहीत, आणि चार गेल्या की उरलेल्या आठांतलंही काही वाचता येत नाही. वर्षानुवर्षं अखंड फिरणारी डिस्क थांबली, की पुष्कळदा कायमचीच थांबते. फिरत होत्या तोवर आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेता आलं असतं. हे ती शिकली होती, परीक्षेत लिहिलंही होतं. तिनं दहादा बटण दाबलं, देवाला हात जोडले, पुन्हा दाबलं. साहेब आले, दुरुस्तीवाले आले. यातलं आता काही निघायचं नाही, असं म्हणून तेही गेले. सगळ्यांच्या आधी ओळखलं तिनं, आणि घातही तिनंच केला.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"आबा, मशीन बिघडनं," ती म्हणाली.

"आवाज उना व्हता?"

"हा."

"मंग तू आधी बंद करं ना?"

"करं, आबा."

"शाब्बास, बेटा." मग त्यांनी घरात वळून सांगितलेलं तिला ऐकू आलं, "आयकं का, पोरनी मशीन वाचाडं."

मंगलाबाई हसल्या आणि हसता हसता खोकू लागल्या. उज्ज्वला कान देऊन ऐकत राहिली. खोकल्याचा आवाज बदललाय का, ते तिला कळेना.