रस्त्यापलीकडचा उंदीर

माझ्या आईनं घरात एक लाकडी पेटी ठेवली होती. ती पाहून पाहुणे आधी हसत आणि आत काय आहे ते ऐकलं की गप्प होत. आम्ही तिला निघायची पेटी म्हणत असू. ती माजघरात उतरंडीशेजारी असे. तिच्यावर कुणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही, आणि तिच्यातलं काही उसनं द्यायचं नाही, असा आईचा दंडक होता. एकदा वडिलांनी विडी पेटवायला तिच्यातली आगपेटी घेतली, तेव्हा आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

त्या काळात देवासला थंडी पडू लागली की प्लेगची भीती सुरू व्हायची. घरात मेलेला उंदीर सापडला की घर सोडायचं, गावाबाहेर रानात झोपड्या बांधून राहायचं, आणि उन्हं कडक झाली की परत यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तयारी कुणीच करत नसे. आमची आई करायची, कारण ती धारची होती आणि तिनं लग्नाआधी धारला एक पळापळ पाहिली होती. तिच्या शेजारच्या कारकुनाच्या घरानं बैलगाडीत झोपाळा भरला, पितळी समया भरल्या, लोणच्याच्या बरण्या गवतात गुंडाळून भरल्या, आणि रानात पोहोचल्यावर त्यांच्याकडे ना काडी होती ना मीठ. पहिले दोन दिवस ती माणसं लोणचं खाऊन राहिली. ही हकीकत आई सांगायची तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. ती स्वतः मात्र कधी हसली नाही.

पेटीत काय होतं ते मला अजून पाठ आहे. आठ दिवस पुरेल एवढं सातूचं पीठ आणि गूळ. मेणकापडात बांधलेल्या काड्या. मीठ, तिखट, सुंठ, ओवा, कापूर. धुऊन उन्हात वाळवलेली जुनेरं, जखम बांधायला आणि तान्ह्या मुलाला. एक कोयता, एक लहान घागर, तिच्या गळ्यात गुंडाळलेला विहिरीचा दोर. आईनं दोर मोजून घेतला होता, कारण रानातल्या विहिरीचं पाणी माघानंतर किती खाली जातं याची तिनं एका शेतकऱ्याकडे चौकशी केली होती. पेटीशेजारी चुन्याचं पोतं आणि घासलेटचा डबा. पीठ दर दोन महिन्यांनी बदलायचं आणि जुनं आम्हाला खायला लागायचं. लहानपणी मी इतकं सातू खाल्लं की आजही समोर आलं तर नको वाटतं.

वर्षातून दोनदा आई तालीम घ्यायची. दुपारी अचानक थाळी वाजे. भात शिजायला लागेल तेवढ्या वेळात घरातल्या प्रत्येकानं आपापलं नेमून दिलेलं सामान घेऊन दाराशी उभं राहायचं. पहिल्या तालमीला वडील पगडी, छत्री आणि कलमदान घेऊन आले. ते दरबारच्या दप्तरात कारकून होते. "रानात कुणाला पत्र लिहिणार आहात?" असं आईनं विचारलं आणि त्यांना परत पाठवलं. काकू हातात वरवंटा घेऊन आली. का आणला विचारलं तर म्हणाली, जवळ होता म्हणून. आईनं कपाळावर हात मारला. पण तिसऱ्या वर्षी आम्ही सगळे वेळेत उभे होतो, आणि वडिलांच्या हातात कंदील होता.

माझ्याकडे, मी तेव्हा दहा वर्षांची होते, एक रोजचं काम होतं. सकाळी अंघोळीआधी चिमणी घेऊन गव्हाच्या कोठ्यांखाली, सरपणामागे आणि गोठ्यात पाहायचं. उंदीर दिसला तर हात लावायचा नाही. सरळ आईला सांगायचं. मग त्याच्यावर घासलेट ओतून जाळायचं, चुना टाकायचा, आणि त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत घर सोडायचं. हा आईचा कायदा होता आणि त्यात सवलत नव्हती. मी रोज "काही नाही" असं सांगायची, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

देवासची एक गंमत बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. गाव एक, पण राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या घरासमोरचा रस्ता म्हणजे दोघांची हद्द. आम्ही थोरल्या पातीत. समोर राहणारा शिंपी आणि त्याची बायको धाकट्या पातीत. तेही आमच्यासारखेच दक्षिणेतून आलेले. त्यांचे पणजे कुणा सरदाराच्या तंबूकनाती शिवत आले होते. बोलणं-चालणं, हळदीकुंकू सगळं होतं. पण त्यांचा कोतवाल वेगळा, सुट्टी वेगळी, झाडूवालाही वेगळा.

या झाडूवाल्यावरून दोन्ही बाजूंच्या बायकांत एक वाईट खोड होती. फुटकं मडकं, मेलेली घूस, सडलेला भोपळा, असं नको असलेलं काही असलं की ते सकाळी रस्ता ओलांडून पलीकडच्या गटारात टाकायचं. पलीकडचा झाडूवाला ते उचलील. पलीकडच्याही तेच करत. कुणी कुणाला बोलत नसे. रस्ता जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढा, पण तो ओलांडला की वस्तू आपली राहत नाही, असं आम्ही अगदी मनापासून मानत होतो. सून म्हणून आलेली माझी आई तर जन्मानं देवासकर असलेल्यांपेक्षा जास्त मानायची.

त्या वर्षी माघात काकू बाळंत झाली. काका नोकरीवर कन्नौदला होते, आणि जाताना त्यांनी काकूला आईच्या हवाली केलं होतं. काकूची आधीची दोन मुलं गेली होती, पहिलं सहाव्या दिवशी, दुसरं नवव्या. दोन्ही वेळा थंडी होती. ही तिसरी मुलगी. एवढीशी, आवाजही नीट न निघणारी. आई बाळंतिणीच्या खोलीत शेगडी विझू देत नव्हती. दाराला घोंगडी टांगलेली असे. काकू कुणाशी बोलत नसे. मुलीच्या छातीवर हात ठेवून ती श्वास मोजत बसायची.

आठव्या दिवशी सकाळी मला उंदीर सापडला.

तो शेवटच्या कोठीखाली कुशीवर पडला होता. मी आईला जाऊन सांगितलं. मला वाटलं आता थाळी वाजेल, आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. इतक्या तालमींनंतर एकदाचं खरंखुरं निघायचं होतं. आई आली, चिमणी खाली धरून तिनं पाहिलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. दादांनाही नाही."

दादा म्हणजे माझे वडील. ते दरबारचे नोकर. त्यांना कळलं असतं तर वर्दी द्यावी लागली असती, आणि त्याच दिवशी जमादार घर खाली करायला आला असता. आईनं उंदीर जाळला नाही, कारण घासलेटचा वास घरभर गेला असता. तिनं चिमट्यानं तो केळीच्या पानात घेतला, पदराखाली धरला, रस्ता ओलांडला आणि शिंप्याच्या घराजवळच्या गटारात टाकून आली. मग चिमटा चुलीत लाल करून घेतला, कोठीखाली चुना पसरला आणि मला म्हणाली, "चार दिवस. नववा दिवस टळू दे, बारसं झालं की निघू. एवढ्या थंडीत आठ दिवसांचं पोर झोपडीत जगायचं नाही."

मी आजही तो हिशेब मनात मांडून पाहते. घरात राहिलं तर प्लेग लागेल कदाचित. बाहेर गेलं तर थंडी नक्की. आईनं नक्कीच्या भीतीनं कदाचितला घरात ठेवून घेतलं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही. सांगता येतं असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

त्या चार दिवसांत आईनं बारशाच्या निमित्तानं सबंध घर चुन्यानं पांढरं करून टाकलं. माझ्या काखेत, मानेला हात लावून गाठ आहे का पाहायची, दिवसातून तीनदा. वडिलांनाही पाहायची, पण त्यांना ती उटणं लावते आहे असं सांगून. वडील खूश होते.

बाराव्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर बारसं उरकलं. पाळण्याचं गाणंही पुरतं म्हटलं नाही. लगेच आईनं थाळी वाजवली. वडील म्हणाले, "उंदीर पडला का?" आई म्हणाली, "पडायची वाट पाहायची आहे का?" वडिलांनी कंदील उचलला. गाडीत आधी गवत, त्यावर गोधड्या, मध्ये काकू आणि मुलगी, आणि बाजूनं गरम विटा फडक्यात बांधून. दुपारपर्यंत आम्ही गावाबाहेरच्या आंबराईत होतो. झोपडीच्या काठ्या आईनं दसऱ्यालाच तिथं टाकून ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत कूड उभा राहिला, दोर विहिरीच्या तळाला लागला, चूल पेटली. काही म्हणता काही कमी पडलं नाही. पुढच्या आठवड्यात सगळं गाव रानात आलं, तेव्हा लोक काड्या मागायला, मीठ मागायला आमच्याकडे येत. आई सगळ्यांना देत होती. मुलगी जगली. तिच्या अंगावर बाळसं चढू लागलं. काकू आता कधी कधी हसायची.

अडीच आठवड्यांनी समोरचा शिंपी आला. एकटाच. झोपडीपासून दहा हात अंतरावर उभा राहिला, कारण प्लेगच्या घरातला माणूस जवळ येत नसे. त्याची दाढी वाढलेली होती. आईनं विचारलं, "शिंपीणबाई कुठं आहेत?"

तो म्हणाला, "गेली, बाईसाहेब. तुम्ही निघालात ना, त्याच्या दुसऱ्या रोजी बुखार आला. जांघेत गाठ. चार दिवस निघाले बस."

आई खाली बसली. मी तिच्या मागे उभी होते. मला वाटलं ती काही बोलणार नाही, आणि ती बोलली नसती तर ते कुणाला कळलंही नसतं. पण ती बोलली. सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या दाराशी मेलेला उंदीर सापडला असेल. तो आमच्या घरातला होता. मी टाकला."

झोपडीतून काकू बाहेर आली होती, मुलगी खांद्यावर. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडीलही चुलीपाशी होते. त्यांनाही तेव्हाच कळलं.

शिंपी जमिनीकडे पाहत म्हणाला, "मला मालूम आहे, बाईसाहेब. तिनं पाहिलं होतं तुम्हाला खिडकीतून. मी म्हटलं, चल, आपण कोतवालीत खबर देऊ आणि निघू. तर ती म्हणते, खबर दिली की आपला कोतवाल थोरल्या पातीला कळवील, समोरचं घरही आजच खाली करवतील. बाळंतीण आहे तिथं, आठ दिवसांची. बारवा दिवस होऊ द्या. तिनंच तो उचलला न् परसात गाडून टाकला. हातानंच."

आईनं तोंडाला पदर लावला. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. शिंप्यानं थोडा चुना मागितला, घर पांढरं करायला. वडिलांनी पोतं नेऊन मध्यावर ठेवलं. त्यानं ते खांद्यावर घेतलं आणि जाताना काकूकडे मान वळवून विचारलं, "मुलगीच ना?" काकूनं मान हलवली. तो गेला.

उन्हाळ्यात आम्ही घरी परतलो. आईनं पुढेही पेटी भरली, तालमी घेतल्या, सगळं चोख केलं. पण रस्त्यापलीकडे आमच्या घरातून पुन्हा काही टाकलं गेलं नाही. शिंपी वर्षाच्या आत घर विकून राजगढकडे गेला. आईला त्याच्याबद्दल विचारलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. मला तिचा राग होता, बरीच वर्षं होता. आणि शिंपीणबाईचा त्याहून जास्त होता, हे कबूल करायला मला म्हातारपण यावं लागलं. तिनं ओरडायला हवं होतं. खिडकीतून एक हाक मारली असती तर आम्ही निघालो असतो, तीही निघाली असती. मग काकूच्या मुलीचं काय झालं असतं, ते मात्र मी कधीच ठरवू शकले नाही.

ती मुलगी आता नातवंडांची आजी आहे. ठणठणीत आहे, थंडीचा तिला काडीचाही त्रास नाही. तिला आम्ही यातलं कधी काही सांगितलं नाही. मोठी माणसं एकेक करून गेली आणि सांगणारी मी एकटीच उरले. मागच्या महिन्यात ती भेटायला आली होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि चहा हवा का एवढंच विचारलं.