रिकाम्या मुठीतला दगड

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. माकडं दोन्हीकडे. जन्म गेला त्यांना हाकलण्यात. पेणला तर पोह्याचे पापड गच्चीवर वाळत घातले की राखणीला मीच. म्हणून लेकीनं परदेशात बोलावून, तिकीट काढून मला माकडंच दाखवायला नेलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

मी गेले होते नातीसाठी. पाच वर्षांची पोर, मला फक्त फोनवर पाहिलेली. दहा दिवस झाले तरी जवळ येईना. हाक मारली की आईच्या ओढणीमागे. परतायला चार दिवस उरले होते आणि मला रात्रंदिवस तोच घोर.

त्या प्राणिसंग्रहालयात माकडांचा पिंजरा म्हणजे मोठी बागच. माकडंही मोकळी, माणसंही मोकळी. दारातच लेक म्हणाली, "आई, इथं ओरडायचं नाय हां."

"मला शिकवतेस? माकडांत केस पिकले माझे," मी म्हटलं. नातीसमोर जरा तोऱ्यातच.

दहा पावलं गेलो असू, एका माकडानं फांदीवरून थेट नातीपुढे उडी टाकली. जित्याची खोड! मी "हाड मेल्या" म्हणत खाली वाकले, दगड उचलल्यासारखं केलं आणि मूठ उगारली. आमच्याकडे नुसतं वाकलं तरी अख्खी टोळी शेजारच्या गच्चीवर जाते. दगड लागतच नाही.

हे बेणं हललं नाही. त्याला जन्मात कुणी दगड मारला नसावा. बाईनं वाकून काहीतरी उचललं, म्हणजे खाऊच असणार, एवढंच त्याला कळलं. जवळ येऊन त्यानं माझी बोटं एकेक करून उघडली, रिकामा तळवा पाहिला आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीनं तर ओळखच नसल्यासारखी मान फिरवली.

नात मात्र खदखदून हसली. पुढे आली, माकडासारखीच माझी बोटं उघडत म्हणाली, "आजी, काय हाय?"

"काय नाय गो."

तिनं हात सोडला नाही. बागेतून बाहेर पडेपर्यंत मी कुठलंही माकड पाहिलं नाही.

आता पेणला पुन्हा पापड राखत बसते. माकडं येतात, मी वाकते, ती पळतात. पण त्यात पूर्वीची मजा राहिली नाही. संध्याकाळी फोन येतो. नात मूठ पुढे धरते आणि मी विचारते, "काय हाय गो?" काय नाय, ते दोघींनाही ठाऊक असतं.