मोकळ्या प्लॉटातला तरोटा

बाबा गेल्यावर आईला मी नवा रायपुरात माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. तेव्हापासून तिला मधूनच दम लागायचा, छातीत धडधडायचं. जेवणाचं ताट ती तसंच सरकवून द्यायची. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, जरा झाडाझुडपांत बसवा. मी लगेच बाल्कनी कुंड्यांनी भरून टाकली. त्या वर आणताना माझी कंबर धरली. आई जेमतेम एक दुपार तिथे बसली.

"झाड काय पाहत बसाचं? टीव्ही आहे काय थे?"

असा राग आला होता मला!

जुलैतल्या एका रविवारी ती घरात दिसेना. घाबरून खाली धावले, तर आईसाहेब शेजारच्या मोकळ्या प्लॉटात वाकून तरोटा खुडत होत्या. पावसाळ्यात हा कुठेही उगवतो. इथले लोक त्याला चरोटा म्हणतात आणि कोवळ्या पानांची भाजी करतात. पण माझे ऑफिसातले साहेबही याच सोसायटीत राहतात, त्यांनी पाहिलं तर?

"आई, लोक काय म्हणतील? चल वर."

"काहून? मी का चोरी करून राहिली?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेहरा घामेजला होता, पण श्वास अगदी संथ चालला होता. एरवी लिफ्टमध्येसुद्धा ती छाती धरायची. मीही वाकून खुडायला लागले.

"जून पान नको घेऊ. शेंडा घे फक्त," तिनं दटावलं.

आमच्या घरात ही भाजी कधीच शिजली नव्हती. विदर्भातल्या गावी बाबांनी लहानपणी उपासमारीत तीच खाऊन दिवस काढले होते. रेल्वेत लागल्यावर त्यांनी बजावलं होतं, तरोटा या घरात येणार नाही. आईला तो आवडतो, हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी तिनं चण्याची डाळ घालून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन भाजी केली. स्वतःहून दुसरी पोळी घेतली. मग माझ्याकडे पाहून हसली, अगदी खट्याळ.

"तुह्या बाबाले सांगू नको हं."

आणि तिचा हात थांबला.

बाबा गेले त्या दिवशीही ती रडली नव्हती. आलेल्या-गेलेल्यांना तीच चहा देत होती. आता घास तसाच हातात धरून ती मोठ्यानं रडली, आणि मी तिला रडू दिलं.