साठचा वेग

डेपोच्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर वेगमास्तर बसत. बसला अपघात झाला की रस्त्यावर उमटलेली टायरची घसरण टेपने मोजायची आणि बस किती वेगात होती ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. त्वरण, म्हणजे इथे ब्रेक लागल्यावर वेग कमी होण्याचा दर, सात. हे सात त्यांच्या टेबलाच्या काचेखालच्या छापील तक्त्यात होतं आणि बावीस वर्षांत तो तक्ता कुणी हलवला नव्हता. सूत्र आलं कुठून, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हेड ऑफिसातून."

मागच्या महिन्यात एक बस हातगाडीवर आदळली. माणसं वाचली, गाडीचा चुरा झाला. घसरण वीस मीटर. मास्तरांनी आकडेमोड केली: ताशी साठ. त्या रस्त्यावर मर्यादा पन्नासची, म्हणजे ड्रायव्हरची नोकरी गेल्यात जमा. निवृत्तीला त्याचे चौदा महिने उरले होते. दोन दिवस तो आमच्या दाराबाहेर बाकावर बसून होता. मास्तर त्याच्यासमोरून चहाला जात-येत, पण वर बघत नसत. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.

अहवालाची कच्ची प्रत ते घरी घेऊन गेले. तिथे ती कॉलेजात गणित शिकणाऱ्या लेकीच्या हाती लागली.

"बाबा, आठ मीटरनंतर रस्त्यावर तेल सांडलेलं तुम्हीच नकाशात दाखवलंय. मग त्वरण सगळीकडे सात कसं?"

"तक्त्यात सातच आहे."

तिने वही ओढली. घसरणीचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं त्वरण त्याच्या लांबीने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. यालाच संकलन म्हणतात. "त्वरण स्थिर असेल तरच ते बेरजेच्या बाहेर काढता येतं, तेव्हाच तुमचं सूत्र निघतं." कोरडे आठ मीटर, त्वरण सात: छप्पन्न. तेलाचे बारा मीटर, त्वरण जेमतेम दोन: चोवीस. मिळून ऐंशी, दुप्पट एकशे साठ. वर्गमूळ काढलं, तर सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी पंचेचाळीस किलोमीटर. मास्तरांनी जेवणाचं ताट सारून अहवाल पुन्हा लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तो बघून डेपोच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या. "गणित बरोबर असेल हो, पण आधीच्या एकशे बारा अहवालांचं काय? तेव्हा रस्ते ओले नव्हते? एवढ्यापुरतं बदला. जुन्या फायली कपाटातच राहू देत." आणि सही ठोकली.

मास्तरांनी ड्रायव्हरला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पाव तास संकलन समजावलं. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मास्तर, वेग पंचेचाळीसच निघाला ना?"

"पंचेचाळीस!"

"मी पहिल्याच दिवशी तसं लिहून दिलं होतं. तेलावर गेल्यावर बस ऐकेना, हेही लिहिलं होतं."

फाईल उघडली. पहिलंच पान, ड्रायव्हरचा जबाब. ते मीच लावलं होतं. वाचलं मीही नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

ड्रायव्हर ड्युटीवर गेला. मास्तरांनी माझ्याकडे जुन्या फायलींच्या कपाटाची किल्ली मागितली. साहेबांचा हुकूम मला पाठ होता, तरी मी दिली. ते आकडेमोड करत नव्हते, फक्त पहिली पानं वाचत होते. तिसऱ्या फायलीत लिहिलं होतं: रस्ता ओला होता, वेग चाळीस होता. खाली बडतर्फीचा शिक्का.

"हा माणूस आता कुठे असतो?" मास्तरांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.