विंगेतला मामा

आमचा मामा तीस वर्षं नाटकांत बोलला, पण तो आहे याचा प्रेक्षकांना पत्ताही नव्हता. तो प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचा आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचा. चुकून आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला, की मॅनेजर त्याची बिनपाण्याने हजामत करायचा. घरीही तो तसाच. आई म्हणायची, याचं लग्न राहिलं कारण समोरची आधी अडखळेल म्हणून हा वाट बघत बसला.

शहरात दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि थिएटरला कुलूप बसलं. मामा आपल्या दोन खोल्यांत एकटा अडकला. शेजारच्या शिक्षिकाबाईंचा एकुलता एक मुलगा पहिल्याच दिवशी मारला गेला होता. बाई दार उघडत नव्हत्या. दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये एक पातळ भिंत. तीन दिवस पलीकडे भांडं वाजलं नाही. बाई अशाने जगायच्या नाहीत, या भीतीने मामाला घास जाईना. दोनदा तो त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आला. सांत्वनाचा एक शब्द जिभेवर येईल तर शपथ.

चौथ्या दिवशी दुपारी तो त्या भिंतीला टेकून बसला. घरात नाटकाची एकच वही होती, पिशवीत चुकून राहिलेली, तीही फार्सची. सुतकी घराशेजारी फार्स वाचणारा माणूस जगात आमचा मामाच. वाचला, तोही सवयीप्रमाणे कुजबुजत. नवरा कपाटात लपतो तिथे भिंतीवर टकटक झाली.

"ऐकू येत नाही," पलीकडून बाई म्हणाल्या. "जरा मोठ्याने वाचा."

मामा उठून उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. नवरा तोच, बायको तोच, घरमालकही तोच. आवाज चिरकत होता. मध्येच पलीकडून हुंदके ऐकू आले, पण तो थांबला नाही. आपणही रडत होतो, हे त्याने मला न लाजता सांगितलं.

तिसरा अंक संपला. आता समोर पान नव्हतं आणि बोलायला तर हवंच होतं.

"बाई," तो म्हणाला, "काहीतरी खाऊन घ्या."

मामा भिंतीला कान लावून उभा राहिला.

"मीठ आहे का तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं. "माझं संपलंय."